बेळगावात कुत्रं पाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वडगावात राहतो. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचे पॉवरलूम आणि घरात आठ वर्षांची गावठी कुत्री. अंगाचा रंग खरपूस आटवलेल्या खव्याचा, म्हणून बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचंच नाव, कुंदा. मागांची खटखट चालू असली की ही गाढ झोपते. लाइट गेली, माग थांबले, की दचकून उठते. सकाळी तिला घेऊन येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की रोज कुणीतरी थांबवून काहीतरी विचारतंच. त्यातलेच हे प्रश्न. औषधपाण्याचा शेवटचा शब्द डॉक्टरांचा, बाकीचं आमच्या अनुभवाचं.

इथली हवा थंड आहे, मग हस्की चालेल ना?

नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. जुनी माणसं याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची हे खरं, पण एप्रिलमध्ये पारा 36-37 च्या घरात जातो आणि हस्कीच्या अंगावर बर्फात झोपण्याची दुहेरी लोकर असते. त्याहून वाईट पुढचे चार महिने. ती लोकर एकदा भिजली की आतून वाळतच नाही. टिळकवाडीत एक हस्की बघितलाय. मे महिन्यात दिवसभर फरशीला पोट लावून धापा टाकत पडलेला असायचा आणि मालक कौतुकानं सांगायचे, लई शांत आहे हो. शांत नव्हता तो, उकडत होतं त्याला.

लॅब्रेडॉर इथे बऱ्यापैकी निभतो, फक्त वजन आवरावं लागतं. माझं मत विचाराल तर गावठी पिल्लू घ्या. गल्लीतल्या कुत्र्यांची बरीचशी पिल्लं पाऊस सरल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या काळात होतात, त्यामुळे थंडीत शोधलं तर मिळतंच. आठ आठवडे आईजवळ राहू द्या. त्याआधी उचललेलं पिल्लू खेळताना किती जोरात चावायचं हे भावंडांकडून शिकलेलं नसतं आणि मग ते शिक्षण तुमच्या हातांवर होतं.

मुधोळ कुत्रं घरात ठेवता येतं का?

हा प्रश्न आपल्याच भागात सगळ्यात जास्त येतो, कारण मुधोळ फार लांब नाही. बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानचं गाव. शिकारी लोकांकडे असलेली ही सडपातळ कुत्री मालोजीराव घोरपड्यांनी हेरली, जोपासली आणि नावारूपाला आणली असं सांगतात. महाराष्ट्रात यालाच कारवान म्हणतात. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. अलीकडे सैन्यानंही ही जात घेतली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. पिल्लू घ्यायचंच तर आधी तिथे चौकशी करा, नाहीतर रस्त्याकडेला टोपलीत विकायला ठेवलेलं कुठलंही लांब तोंडाचं पिल्लू तुमच्या गळ्यात मारलं जाईल.

आता घराचं. मुधोळ पळण्यासाठी जन्मलेलं आहे आणि नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. लांबवर शेरडाचं करडू हललं की ते सुटलं, आणि एकदा सुटलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्यामुळे कुंपण असलेलं रान, किंवा लांब दोरी आणि दिवसातून दोनदा दमछाक. एवढं दिलंत तर उरलेला दिवस ते झोपूनच काढतं, अगदी फ्लॅटमध्येसुद्धा.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. वीस ते अठ्ठावीस किलोच्या या कुत्र्याच्या बरगड्या दिसतात आणि त्या दिसल्याच पाहिजेत. शेजारच्या मावशी विचारतील, "उपाशी ठेवता काय हो त्याला?" त्यांच्या समाधानासाठी त्याला भात चारून जाड करू नका, सांध्यांवर येतं. दुसरं म्हणजे अंगावर चरबी नसल्यानं भुलीची काही औषधं या जातीला जड जातात. ऑपरेशन असेल तर कुत्रं मुधोळ आहे हे डॉक्टरांना तोंडानं सांगा, ते बघतीलच असं धरून चालू नका. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला थंडी वाजते. जुनी घोंगडी द्या.

पावसाळ्यात काय करायचं?

खरं तर आपल्याकडे कुत्रं पाळायचं म्हणजे पावसाळा पाळायचा. बाकी आठ महिने कुणीही निभावून नेईल. शहरात पाऊस बराच, आणि जांबोटी-कणकुंबीकडे जाल तसा तो कोसळतच राहतो. मिरगात मजा वाटते. तरणा पाऊस लागला की कुत्र्याचा आणि तुमचा दोघांचा धीर सुटायला लागतो, म्हाताऱ्या पावसापर्यंत घराला ओल्या कुत्र्याचा वास लागलेला असतो.

पहिला प्रश्न बाहेर जाण्याचा. पुष्कळ कुत्री पावसात बसतच नाहीत. 2019 च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारभर पसरलं होतं, तेव्हा कुंदा लहान होती. तिनं जवळजवळ दीड दिवस लघवी अडवून धरली. दारात उभी राहायची, नाकावर थेंब पडला की मागं फिरायची. शेवटी शेजाऱ्यांच्या मागाच्या शेडबाहेर पत्र्याचा आडोसा होता, तिथे मातीनं भरलेलं एक घमेलं आणून ठेवलं, त्यात तिच्याच जुन्या जागेची मूठभर माती टाकली. दहा मिनिटांत काम झालं. तुमच्याकडेही पडवीत, गच्चीच्या जिन्याखाली असा एखादा कोरडा कोपरा मे महिन्यातच शिकवून ठेवा. जुलैत शिकवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

दुसरं, पाय. आत आल्यावर पंजा नुसता पुसून भागत नाही, बोटं फाकवून मधली जागा कोरडी करायची. आमच्या दाराशी दोन गोणपाटं आणि एक जुनं सुती लुगडं असतं. गोणपाटावर चिखल उतरतो, लुगड्यानं पाणी टिपतं. टर्किशच्या टॉवेलपेक्षा हे मऊ सूत बरं. बोटांमधली कातडी लाल झाली, कुत्रं रात्री पंजा चाटत बसलं, की बुरशी सुरू झाली समजा. कान लोंबते असतील तर आठवड्यातून दोनदा कान उलटून वास घ्या. आंबूस वास आला तर तेल ओतू नका, दवाखान्यात न्या. आमच्याकडे कोमट खोबरेल ओतायचा सल्ला घरटी एक माणूस देतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेप्टो. उंदरांच्या लघवीतून हा आजार साचलेल्या पाण्यात येतो, कुत्रं ते पाणी पितं किंवा जखमेतून ते अंगात जातं, आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. ताप, उलट्या, गडद पिवळी लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर वाट बघू नका. याची लस वर्षातून एकदा असते. आम्ही ती मिरगाआधी टोचून घेतो, म्हणजे पेरणीच्या गडबडीत विसरायला होत नाही. भातखाचरातलं पाणी पिऊ देऊ नका. त्यात किडीच्या औषधाचाही धोका असतो. तोंडाला एकसारखी लाळ, अंग थरथरणं, चालताना झोकांड्या असं दिसलं की रिकामा डबा किंवा औषधाचं नाव घेऊन थेट डॉक्टरांकडे.

चौथं, सापविंचू. पावसात नाग, घोणस, मण्यार लाकडाच्या ढिगात, विटांच्या फटीत येतात, आणि कुत्रं नाक आधी घालतं. थोबाड एका बाजूनं भराभर सुजलं तर चावा समजा. चिरू नका, आवळून बांधू नका, पाला लावत बसू नका. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं, पण ते सगळीकडे ठेवलेलं नसतं. म्हणून निघतानाच फोन करून विचारा. कुत्र्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या.

बेडूक तोंडात धरल्यानं फेस येतो तो मात्र बहुतेक वेळा पाण्यानं तोंड धुतल्यावर थांबतो. आमच्या कुंदाबाईंना हे पहिल्याच वर्षी कळलं आणि अजूनही दर वर्षी एकदा तिला तोच बेडूक पाहिजे असतो.

गोचीड जातच नाहीत. काय करू?

पाऊस उघडला की त्या वाढतात, आणि पुन्हा उन्हाळ्यात. गोचीड कुत्र्याच्या अंगावर कमी आणि घरात जास्त असतात. मादी रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत हजारांनी अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, कट्ट्याच्या फटी सिमेंटनं बुजवा. ओढून काढताना चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल नको, काडी पेटवून नको. गोळ्या, पट्टे, मानेवर सोडायचे थेंब असे प्रकार मिळतात, ते वजनाप्रमाणे असतात. गुरांवर फवारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आपल्या खेड्यांत आहेत, त्यात कुत्री मेलेली मी पाहिली आहेत.

खाणं कमी झालं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडताप. रक्त तपासायला लावा. गोळ्यांचा कोर्स बहुधा अठ्ठावीस दिवसांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रं भाकरी मागायला लागतं आणि माणसं गोळ्या बंद करतात. असं करू नका, आम्ही केलं होतं. दोन महिन्यांनी सगळं पहिल्यापासून.

कुत्रं चावलं तर?

आपलं असो की गल्लीतलं, आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते, आणि डोस ठरलेल्या दिवशीच घ्यायचे. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा. चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

आणि आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी. रेबीज एकदा उमटला की औषध नाही, माणसालाही नाही.

गल्लीतली कुत्री अंगावर येतात. त्यांना खायला घालावं की नाही?

आमच्या गल्लीत यावरून दोन पक्ष आहेत आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरची कुत्री पकडून, नसबंदी करून, लस टोचून पुन्हा त्याच भागात सोडायची असतात. कानाला छोटी खाच असलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं हेच कायम ठेवलं, मात्र रेबीज झालेली आणि अंगावर येणारी कुत्री सोडायची नाहीत, आणि खायला ठरवून दिलेल्या जागीच घालायचं, असंही सांगितलं. नंतर नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला.

म्हणजे कुणाच्या दारात, जिन्यापाशी, पोरं खेळतात तिथे भात ओतायचा नाही. आम्ही मागच्या बोळात एका ठरलेल्या वेळी घालतो आणि पंधरा मिनिटांनी जागा धुतो. तक्रार थांबली ती धुण्यामुळे, प्रेमामुळे नव्हे.

आपलं कुत्रं फिरवताना ती अंगावर आली तर पळू नका, आपलं उचलूनही घेऊ नका. मध्ये उभं राहा, काठी जमिनीवर आपटा, हळूहळू मागं सरा. आणि रानात मेंढरांचा तळ दिसला तर अर्धा फर्लांग आधीच वाट बदला. धनगरांची कुत्री काम करत असतात, त्यांच्याशी ओळख वाढवायला जाऊ नये.

रॉटवायलर, पिटबुलवर बंदी आहे ना? आणि परवाना लागतो का?

मार्च 2024 मध्ये केंद्रानं तेवीस जातींबाबत परिपत्रक काढलं होतं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्द केलं. तरी दोन खोल्यांच्या घरात, साखळीला बांधून, हे कुत्रं पाळू नये हे माझं मत कुठल्याही कोर्टानं रद्द केलेलं नाही. कॅम्पात राहत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे कुत्र्याची नोंद करावी लागते. महापालिका हद्दीत असाल तर पालिकेच्या कचेरीत विचारा. लशीची पुस्तिका दोन्हीकडे लागेल.

घरमालक नाही म्हणतात.

अपार्टमेंटच्या सोसायटीला ठराव करून कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. भाड्याच्या घराचं मात्र करारावर आहे, आणि मालकाशी कायद्यानं भांडून राहिलेलं भाडेकरूचं घर मी पाहिलेलं नाही. करार करतानाच कुत्रं घेऊन जा. चहा होईपर्यंत ते पायाशी गप्प बसलं तर निम्मं काम झालं.

मिरवणुकीत कुत्रं वेडंपिसं होतं.

बेळगावात दिवाळी एकटी नसते. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र असते, आणि डॉल्बीचा ठोका भिंतीतून येतो. आतली, रस्त्यापासून लांबची खोली आधीच ठरवा. खिडकीला गादी लावा, पंखा मोठा करा. कुंदासाठी आम्ही शेजाऱ्यांना एक माग चालू ठेवायला सांगतो, ते हसतात पण ठेवतात. संध्याकाळी लवकर फिरवून, पोटभर घालून, पट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला आहे ना हे बघून दार लावा. हरवलेली कुत्री सगळ्यात जास्त याच रात्री हरवतात. फार घाबरत असेल तर डॉक्टर गोळी देतात, पण ती आदल्या आठवड्यात मागायची. मिरवणूक दारात आल्यावर फोन करून उपयोग नाही.

घरचं जेवण चालतं का?

चालतं. भात, नाचण्याची भाकरी, उकडलेलं चिकन, अंडं, दही, दुधीभोपळा. मीठ-मसाला नको, आणि शिजवलेली हाडं अजिबात नकोत, ती उभी फुटतात आणि आतड्यात रुततात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात, म्हणजे आपला रस्सा भाकरीवर ओतणं बंद. चॉकलेट नको. द्राक्षं आणि बेदाणे तर थोडेसुद्धा नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अथणीकडच्या पाहुण्यांनी बेदाण्याची पिशवी आणली की ती वरच्या फळीवर जाते. गोकाकच्या करदंटाचंही तेच, आत काय काय असतं ते मोजून बघा. कुंद्याचं बोटभर चाटण दिल्यानं मरत नाही, पण नंतर जुलाबाची फरशी तुम्हालाच पुसायची आहे. माणसाच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका.

बिबट्याची भीती आहे का?

शहरात रोजची नाही, पण थट्टाही नाही. 2022 च्या ऑगस्टात जाधवनगरात बिबट्या दिसला, मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत दडला. शाळांना सुट्ट्या दिल्या, शोधायला हत्ती आणले. त्या दिवसांत कॅम्प भागात अंधारात कुत्रं फिरवायला कुणी धजत नव्हतं. खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. तिकडे रात्री कुत्रं अंगणात साखळीला बांधणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. घरात घ्या किंवा वरून छप्पर असलेला जाळीचा पिंजरा करा. भीमगड अभयारण्यात कुत्रं नेऊच नका. आपल्या कुत्र्याचे रोग तिथल्या रानकुत्र्यांना लागतात.

रेल्वेनं, गाडीनं नेता येतं का?

रेल्वेत फर्स्ट एसीचं कूपे किंवा केबिन पूर्ण आपलं असेल तर बरोबर, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. त्या पेटीत बेंगळुरूपर्यंतची रात्र मी माझ्या कुत्रीला काढायला लावणार नाही. गाडीनं चोर्ल्यातून गोव्याला जायचं तर तीन-चार तास आधी खाणं बंद; वळणांवर ओकतातच. लशीच्या पुस्तिकेवर सगळं इंग्रजीत लिहून घ्या. शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, चंदगडच्या दवाखान्यात कन्नड शिक्का वाचताना पंचाईत होते, आणि इकडे मराठी शिक्क्याची.

आम्ही गावाला गेलो तर कुठे ठेवू? आणि आज्ञा मराठीत शिकवू की कन्नडमध्ये?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर आमच्याकडे एकच आहे, शेजारच्या मागवाल्या अक्का. बोर्डिंगची सोय आता शहरात आहे, पण आधी जागा बघून या, आणि तिथे लशीची पुस्तिका मागत नसतील तर ठेवू नका. आम्ही एका ठिकाणी ठेवली होती, चार दिवसांनी पिसवा आणि खोकला घेऊन आली. तेव्हापासून अक्कांकडे.

आज्ञा कुठल्याही भाषेत शिकवा, शब्द आखूड आणि घरात सगळ्यांचा एकच असला म्हणजे झालं. पोरगा "बस" म्हणणार, आजोबा "खाली बैस", तुम्ही "सिट", मग कुत्रं बसणार कसं? कुंदाला बसणं-थांबणं मराठीत येतं. रस्त्यावर कन्नडमध्ये "कडीतैतेन्री?" (चावतं का हो?) असं कुणी विचारलं तर ती शेपूट हलवते, कारण तिला वाटतं अक्कांच्याकडचं कुणीतरी आलं. गेल्या मे महिन्यात पंढरपूरहून आम्ही चार दिवसांनी परत आलो. अक्कांच्या मागाखाली, सुताच्या ढिगावर झोपली होती. मी हाक मारली, बायकोनं मारली. एक डोळा उघडला आणि मिटला. अक्का आतून "बा इल्ली" (ये इकडे) म्हणाल्या, तेव्हा उठली, आणि त्यांच्याकडेच गेली.